तीन नंबरची खोली

वाचकाचं पत्र:

सर, नमस्कार. आमचं घर हरमलला, किनाऱ्यापासून पाच-सात मिनिटं आत. मागच्या पोरसात चार खोल्या बांधल्या आहेत, त्या पर्यटकांना देतो. एक इस्रायली मुलगा २०१८ पासून आमच्याकडे येतो. पहिल्यांदा आला तेव्हा नुकताच सैन्यातून सुटला होता. महिनाभर नुसता झोपून असायचा. मग हळूहळू माझ्याकडे पेज मागून खायला लागला, वर मला ‘आई’ म्हणायला लागला. ऑक्टोबर २०२३ नंतर त्याला राखीव सैनिक म्हणून परत बोलावलं. तेव्हापासून आला नव्हता. आता निरोप आलाय, जानेवारीत दीड महिना येतो, तीच तीन नंबरची खोली हवी. माझी मुलगी तत्त्वज्ञानात एम. ए. करते. ती म्हणते, ‘तो आला तर मी घरी पाऊल टाकणार नाही. तो दुष्ट आहे, हुकूम पाळणाऱ्या त्या नाझी अधिकाऱ्यासारखा.’ हॅना आरेंटचं पुस्तक तिनं माझ्यापुढे आपटलं. यजमान म्हणतात, ‘दुष्ट ते पलीकडचे. राक्षसांना मारायला गेला होता, त्यात त्याचं काय चुकलं?’ दोघं जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत. सर, दुष्ट कोण? आणि खोली देऊ की नको?
— एक वाचक, पेडणे तालुका, गोवा

ताई, नमस्कार.

खोलीचं आधी सांगतो, कारण जानेवारी तोंडावर आहे. द्या. पण गप्प बसून देऊ नका. हा ‘पण’ समजावायला मला जरा लांबून यावं लागेल, तेव्हा दुपारचं आवरलं की वाचा.

सुरुवात तुमच्या लेकीपासून करतो. तिनं पुस्तक वाचलंय, आणि पुस्तक वाचलेल्या माणसाशी भांडायला मला आवडतं. तीस वर्षं पोटापाण्यासाठी तेच केलं.

आरेंट ही जर्मनीतली विचारवंत, स्वतः ज्यू. १९३३ साली जर्मनीतून पळाली, फ्रान्समध्ये छावणीत अडकली, १९४१ मध्ये कशीबशी अमेरिकेला पोचली. वीस वर्षांनी जेरुसलेममध्ये अडॉल्फ आइखमनवर खटला चालला, तेव्हा एका अमेरिकी साप्ताहिकासाठी लिहायला म्हणून ती तिथं गेली. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्यांची व्यवस्था ह्या माणसानं लावली होती. तिला वाटलं होतं, सैतान बघायला मिळेल. काचेच्या पेटीत दिसला तो चष्मा लावलेला, कचेरीतली ठरीव वाक्यं बोलणारा, बढतीची हळहळ अजून मनात असलेला एक अंमलदार. दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करणं त्याला येतच नव्हतं, असं तिचं निरीक्षण. १९६३ च्या पुस्तकात तिनं ह्याला जे नाव दिलं, त्याचं मराठी लोक ‘दुष्टतेचं सामान्यत्व’ असं करतात. मला ते पटत नाही. सामान्य म्हटलं की किरकोळ वाटतं. वर्गात मी ‘दुष्टाव्याचा रोजचेपणा’ म्हणायचो. पोरं हसायची, पण परीक्षेत तेच लिहायची.

आता लेकीला हे वाचून दाखवा. आरेंटनं आइखमनला सोडा म्हटलं नव्हतं. फाशी योग्यच, असं तिनं लिहिलंय. ‘आपल्या प्रत्येकात एक आइखमन दडलाय’ हे वाक्य तिच्या नावावर खपवतात, तेही तिला मान्य नव्हतं. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट पुढे आहे. अर्जेंटिनात लपून राहत असताना आइखमननं आपल्या लोकांपुढे जे बोलणं केलं, त्याच्या ध्वनिफिती आणि कागद नंतर नीट तपासले गेले. त्यात तो केल्या कामाचा अभिमान सांगतोय. म्हणजे न्यायालयात दिसला तितका तो बिनडोक कारकून नव्हता. ज्याच्यावरून सिद्धांत निघाला, त्यालाच तो नीट बसला नाही. सदरा चांगला शिवला होता, माप दुसऱ्याचं होतं. सिद्धांत मी टाकून देत नाही, कारण ते माप ज्यांना बसतं अशी माणसं ढिगानं आहेत. पण आरेंटसारख्या बाईला, समोर खटला, हजारो पानांचे जबाब असताना, एका माणसाचं अंतरंग ओळखताना चूक होते. तुमच्या लेकीकडे त्या मुलाबद्दल काय आहे? पासपोर्टचा रंग आणि त्यानं गणवेश घातला होता एवढी माहिती. गणवेशात त्यानं काय केलं, काय करायचं नाकारलं, हे तुमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. विचारलेलं नाही.

हुकुमाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा एक योगायोग सांगतो. आइखमनला फाशीची शिक्षा सुनावली गेली ती १५ डिसेंबर १९६१ ला. ‘वरून आलेला हुकूम’ हा त्याचा बचाव न्यायालयानं फेटाळला. त्याच्या आदल्याच दिवशी लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची तार पणजीला आली होती, गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाच्या नावे. तह नाही, कैदी नाहीत. आमचे सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील किंवा मरतील, असा तिचा अर्थ. वासालो काही संत नव्हता. त्याच्याच अंमलात आपली माणसं तुरुंगात सडत होती. पण ती तार हातात धरून तो विचार करायला थांबला. तीन-चार हजारांचं जुनाट सैन्य, समोर कितीतरी पट मोठी भारतीय फौज, मधे आपली घरं, चर्चं, देवळं. १९ डिसेंबरला त्यानं शरणागती दिली. मायदेशी गेल्यावर त्याला सैन्यातून हाकललं. १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळल्यावरच त्याचा हुद्दा परत मिळाला. गोवामुक्ती म्हणून मडगावचा चौक, लोहिया, आझाद मैदान हे सगळं आपण पोरांना शिकवतो. ही तार मात्र कुणी शिकवत नाही. त्या एका आठवड्यात एका माणसानं हुकूम ढालीसारखा पुढे धरला होता आणि दुसऱ्यानं बाजूला ठेवला होता.

त्या डिसेंबरात मी आठ वर्षांचा होतो. आमचं गाव डिचोलीकडचं. माझ्या काकांनी पत्रकं वाटली म्हणून त्यांना धरून नेलं होतं आणि बरेच दिवस डांबलं होतं. त्या चौकीवर एक तरुण पाखलो, म्हणजे पोर्तुगीज, शिपाई होता. आम्ही पोरं शाळेतून येताना तो आम्हाला बिस्किटं द्यायचा. मला तो आवडायचा, आणि आवडतो ह्याची लाजही वाटायची. पाखले गेल्यावर मी काकांना विचारलं, ‘काका, तो वाईट होता?’ काका विडी ओढत होते. म्हणाले, ‘मारायचे ते दुसरे. ह्यानं कधी हात लावला नाही. मारणारे आत आले की हा बाहेर जायचा आणि दार ओढून घ्यायचा. मागाहून पाणी पण हाच आणायचा.’

एवढंच. वाईट की चांगला ते त्यांनी सांगितलं नाही. साठ वर्षं मी त्या दारापाशी उभा आहे म्हणा ना.

पुढे महाभारत नीट वाचायला लागलो, तेव्हा हाच माणूस सौप्तिक पर्वात भेटला. युद्ध संपलंय. कौरवांकडचे तिघे उरलेत: अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. रात्री एका वडाखाली बसले असताना घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारतं. अश्वत्थाम्याला वाट सापडते. कृप त्याला समजावतो, झोपलेल्यांना, शस्त्र टाकलेल्यांना मारणं धर्म नाही. आज झोप, सकाळी बघू. अश्वत्थामा म्हणतो, धर्माचा बांध पांडवांनी आधीच शंभर ठिकाणी फोडलाय. माझ्या बापाला कसं मारलं ते आठवतंय ना? मग मला पुढचा जन्म किड्याचा मिळाला तरी चालेल. हे गाऱ्हाणं खोटं नाही, ताई. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणून खरंच फसवलं होतं. व्यास हे लपवत नाहीत. आणि त्यानंतर त्यानं छावणीत जे केलं, तेही लपवत नाहीत. झोपेतल्या पोरांना मारलं. त्याला कुठंही ‘पण बिचाऱ्याचा बाप...’ अशी पुस्ती नाही.

आता कृपाकडे बघा. इतका सुंदर उपदेश केल्यावर हा माणूस काय करतो? रथ जोडतो आणि छावणीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. जे जीव घेऊन बाहेर पळतात त्यांना तो आणि कृतवर्मा कापतात. मग तीन ठिकाणी आग लावतात. सकाळ होते. अश्वत्थाम्याच्या कपाळाचा मणी जातो, त्याला तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप मिळतो. अजून तो जखमेला तेल मागत फिरतो, असं आपल्या आज्या सांगायच्या. कृपाला काहीच होत नाही. पुढे तो परीक्षिताचा गुरू होतो. शाळेत शिकवतो. मला अश्वत्थाम्यापेक्षा ह्याची जास्त भीती वाटते. त्याला धर्म कळत होता, आणि त्यानं दार धरलं.

ह्या गोष्टीत आणखी एक पायरी आहे. कोंडीत सापडल्यावर अश्वत्थामा आपलं अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भावर टाकतो. सूड पुढे सरकत सरकत अजून जन्माला न आलेल्यापर्यंत जातो. इथंच व्यास मणी काढून घेतात.

तुम्हाला वाटेल, मास्तर गाझाचं बोलायचं टाळतायत. नाही टाळत.

७ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे हमास आणि त्यांच्याबरोबरच्या टोळ्या दक्षिण इस्रायलात घुसल्या. सुमारे १,२०० माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक सामान्य नागरिक. काही बिछान्यात, काही संगीताच्या जलशात नाचत असताना. सुमारे अडीचशे ओलीस धरून नेले, त्यात म्हाताऱ्या बायका होत्या, तान्ही पोरं होती. हे सौप्तिक आहे. १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी माणसं घरादाराला मुकली, १९६७ पासून त्यांच्यावर परक्या सैन्याचा ताबा आहे, २००७ पासून गाझाची नाकेबंदी आहे, हे सगळं खरं आहे आणि ह्यातलं काहीही त्या पहाटेला पुसत नाही. तुमच्या लेकीला हे वाक्य ‘पण’ न जोडता उच्चारता येतं का, बघा. तिच्या पिढीला ते जड जातं.

यजमानांना जड जाणारं वाक्य पुढचं. गाझापट्टी साधारण ३६५ चौरस किलोमीटर, आपल्या गोव्याचा एक दशांश. माणसं वीस लाखांच्या वर, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा जास्त, आणि त्यातली जवळजवळ निम्मी अठराच्या आतली. एवढ्याशा जागेवर दोन वर्षं बाँब पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला तोवर तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीत मृतांचा आकडा ६७,००० च्या पुढे गेला होता. ही मोजणी लढणारे आणि न लढणारे वेगळे दाखवत नाही, आणि इस्रायल तिच्यावर आक्षेप घेतं, हेही सांगायला हवं. पण आक्षेप घेऊन मुलांच्या याद्या छोट्या होत नाहीत. २०२५ च्या मार्चपासून अकरा आठवडे अन्नसुद्धा आत जाऊ दिलं नाही. त्या ऑगस्टात गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर झाला, पाऊस पडला नाही म्हणून नव्हे, नाके बंद होते म्हणून. ह्याला मी दुष्कृत्य म्हणतो. ७ ऑक्टोबर कितीही भीषण असला तरी म्हणतो.

‘वंशसंहार’ हा शब्द लावायचा की नाही, यावरून तुमच्या घरी नक्की खडाजंगी झाली असणार. तो कायद्याचा शब्द आहे, १९४८ च्या करारातला, आणि त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. दक्षिण आफ्रिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका चौकशी आयोगानं ‘होय, वंशसंहार’ असा निष्कर्ष काढला. इस्रायलनं तो साफ नाकारला. न्यायालय आपल्या गतीनं चालेल. उपाशी ठेवलेल्या पोराला दुष्कृत्याचा बळी म्हणायला त्या निकालाची वाट बघावी लागत नाही. शब्दावर भांडताना पोर विसरलं जातं, हे मी अनेक चर्चासत्रांत बघितलंय, आणि त्यांत मीही चहा-बिस्किटं खाल्ली आहेत.

आता यजमानांचा ‘राक्षस’. महाभारतात झोपलेल्यांना मारणारा ब्राह्मणाचा मुलगा होता, आणि राक्षसिणीचा मुलगा घटोत्कच पांडवांसाठी मेला. तेव्हा राक्षस कोण हे जातीवरून ठरवायची सोय व्यासांनी आधीच काढून घेतली आहे. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७९३ मध्ये ह्याच गाठीला हात घातला. त्याचं म्हणणं असं की माणूस सैतान नसतो, नियमाविरुद्ध बंड म्हणून दुष्टपणा करत नाही. तो नियम ओळखतो, मान्यही करतो, आणि मग आपल्यापुरती सवलत काढतो: ‘आमची गोष्ट वेगळी.’ ९ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलचे तेव्हाचे संरक्षणमंत्री गॅलंट यांनी वेढा जाहीर केला, वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. आणि कारण दिलं की आम्ही मानवी जनावरांशी लढतोय. त्याच महिन्यात हमासच्या एका नेत्यानं दूरचित्रवाणीवर सांगितलं की ७ ऑक्टोबर आम्ही पुन्हा करू, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दोघांकडे सवलतीचं कारण तयार होतं. समोरचा राक्षस ठरला की सवलत आपोआप मंजूर होते, अर्जसुद्धा करावा लागत नाही. यजमानांना विचारा, पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकासमोर हात जोडताना आपण काय म्हणतो? १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी तिथं आलेल्या सत्याग्रहींच्या हातात शस्त्र नव्हतं, तरी गोळ्या घातल्या, असंच ना? ‘शस्त्र नसलेल्याला मारायचं नाही’ हा नियम आपल्या हुतात्म्यांपुरता ठेवता येणार नाही.

(संत ऑगस्टीन म्हणायचा, वाईट अशी वस्तूच नसते, चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट. सेमिनरीत शिकलेले माझे एक मित्र ह्यावर तासन्‌तास बोलतात. ढिगाऱ्याखालून पोराला उकरणाऱ्या बापाला हे सांगायची माझी छाती नाही, म्हणून पुढे जातो.)

तुमच्या दोन्ही माणसांत एक खोड सारखी आहे, आणि तिच्याबद्दल गोवेकरांनी तरी सावध असावं. दोघं ‘ते’ म्हणतात. ‘ते सगळे.’ आपल्याकडे १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. १७३६ च्या फर्मानात अंगणात तुळस नको, मीठ न घालता भात शिजवायचा नाही, असली कलमं आहेत. विचार करा, कुणीतरी टाक शाईत बुडवून, वळणदार अक्षरात, भातातल्या मिठाबद्दल लिहीत बसला होता. रोजचेपणा म्हणतो तो हा. आणि ह्या न्यायालयाचा पहिला रोख होता तो ख्रिस्ती व्हायला भाग पाडलेल्या ज्यूंवर. पणजीत ज्या वैद्याच्या नावाची पालिकेची बाग आहे, तो गार्सिया द ओर्ता अशाच घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. हे सगळं घडलं. पण ह्याचा जाब म्हापशाच्या बाजारात पाव विकणाऱ्या पोदेराला आज विचारणारे लोक आहेत, आणि त्याचे पूर्वज तर बहुधा त्याच जाचात भरडलेले! तुम्ही अशा माणसाला काय म्हणाल? तेच लेकीला म्हणा. ज्या देशाबद्दल ती ‘ते सगळे’ म्हणते, तिथं अलिबाग-रेवदंड्याकडून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची घरं आहेत, ज्यांच्या आज्या मराठीत ओव्या म्हणायच्या. तिथं युद्ध थांबवा म्हणून रस्त्यावर उतरलेलीही माणसं होती. आणि यजमानांना सांगा, गाझातसुद्धा हमासविरुद्ध लोक उघड रस्त्यावर आले होते, २०२५ च्या मार्चमध्ये, बाँब पडत असताना.

कार्ल यास्पर्स हा आरेंटचा गुरू. बायको ज्यू म्हणून नाझींनी १९३७ मध्ये त्याची प्राध्यापकी काढून घेतली होती. युद्ध संपल्यावर सगळं जग ‘जर्मन दोषी’ म्हणत होतं, तेव्हा त्यानं हायडेलबर्गच्या विद्यार्थ्यांपुढे बसून दोषाची फोड केली. गुन्हा एकेका माणसाचा, त्याचा निवाडा न्यायालय करेल. माझ्या सरकारनं केलेल्याचं ओझं नागरिक म्हणून माझ्यावर येतं, मी मत दिलं असो वा नसो. ते फेडावं लागतं, पण त्यानं मी गुन्हेगार ठरत नाही. दुसरे मारले गेले आणि मी जिवंत आहे, ही टोचणीही त्यानं मोजली, तिचा हिशेब तो देवावर सोपवतो. आणि नैतिक दोष? हुकूम होता म्हणून मी केलं, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं, दार ओढून घेतलं, ह्याचा निवाडा कुठं व्हायचा? यास्पर्स म्हणतो, माणसाच्या स्वतःच्या मनात, आणि त्याच्या जवळच्या माणसांपुढे, ज्यांना त्याची खरी काळजी आहे त्यांच्याशी बोलताना. परक्यानं त्याला नैतिक दोष लावायचा नाही.

मी हे पंचवीस वेळा तरी शिकवलं असेल. तुमचं पत्र वाचेपर्यंत ‘जवळची माणसं’ म्हणजे कोण, ह्याचा मी कधी नीट विचार केला नव्हता. तो मुलगा तुम्हाला ‘आई’ म्हणतो, ताई.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हेगच्याच दुसऱ्या, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं वॉरंट काढली ती नेतान्याहू, गॅलंट आणि हमासचा सेनापती डेफ यांच्या नावानं, एकेका माणसाच्या, एकेका कृत्याची कलमं लावून. ते काम त्यांचं. तुमच्या घरी येणाऱ्याचं वॉरंट काढायचा अधिकार तुमच्या लेकीला नाही आणि निर्दोष सुटका करायचा अधिकार यजमानांना नाही. पण पडवीवर बसून त्याला विचारायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. खोली देऊन, पेज वाढून, काहीच न विचारणं म्हणजे पाणी नेऊन देणं आणि दार ओढून घेणं झालं. माझ्या पाखल्या शिपायानं केलं तेच.

तेव्हा असं करा. आल्या दिवशी नको. झोपू दे त्याला आठवडाभर. मग एका संध्याकाळी, तो स्वतःहून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहील तेव्हा, बसवा. मोठे शब्द वापरू नका. ‘वंशसंहार’, ‘दहशतवाद’ हे शब्द काढलेत तर तो पाठ केलेली उत्तरं देईल, ती त्याच्याकडे भरपूर असतील. साधं विचारा. कुठं होतास? तुला काय करायला सांगितलं? तू काय केलंस? नको म्हणावं असं कधी वाटलं? तिथली एखादी बाई आठवते, माझ्या वयाची? आणि हेही विचारा की ७ ऑक्टोबरला तुझं कोण गेलं. ते आधी विचारलंत तरी चालेल. ऐकताना ‘अरेरे’ म्हणायची घाई नको, ‘तुझी काय चूक’ असं तर मुळीच नको. आईला मुलाची समजूत घालायची सवय असते, ती तेवढा वेळ आवरा.

लेकीला त्या संध्याकाळी घरी बोलवा. तिनं यायलाच हवं असा हट्ट नको. पण तिला सांगा की आरेंट जेरुसलेमपर्यंत गेली होती, तिला तर फक्त हरमलपर्यंत यायचंय. आली तर तिला प्रश्न विचारू दे, कडक विचारू दे. त्या मुलाला ते झेपेल. दोन वर्षांत त्याला कुणी खरा प्रश्न विचारला नसेल. यजमानांनी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा.

एक अट. दोन्हीकडच्या माणसांनी आपली कृत्यं फोनवर टिपून, हसत हसत जगाला दाखवली आहेत. ह्या मुलानं असलं काही हौसेनं दाखवायला काढलं, तर तिथंच ‘बाबा, दुसरी खोली बघ’ म्हणा, आणि मन खाऊ देऊ नका. तो नकार त्याच्या पासपोर्टला नसेल, त्यानं समोर केलेल्या गोष्टीला असेल. उद्या एखादा पॅलेस्टिनी विद्यार्थी खोली मागायला आला तर त्यालाही हाच नियम, कमी नाही, जास्त नाही. हे यजमानांकडून आत्ताच कबूल करून घ्या.

तो गप्प बसला तर बसू दे. रडला तर पाणी द्या, मात्र उठून जाऊ नका. आणि उत्तर न देता सकाळी पिशवी उचलून निघाला, तर अडवू नका. परदेशी पाहुण्यांच्या नोंदीच्या फॉर्मवर गेल्याची तारीख तेवढी नीट भरा, आणि दीड महिन्याचे पैसे आगाऊ घेतले असतील तर उरलेल्या दिवसांचे परत द्या.